मानवी स्वभाव आणि शासनाची गरज : एका ऑनलाइन अभ्यासक्रमाचे परीक्षण

राज्यशास्त्र पूर्वी न शिकलेल्यांसाठी तयार केलेला हा अभ्यासक्रम मी नुकताच पूर्ण केला. त्याचे खरे बळ सतराव्या शतकातील इंग्रज तत्त्वज्ञ थॉमस हॉब्जवरील व्याख्यानांत आहे. माणूस जन्मतः दुष्ट असतो म्हणून हॉब्जला शासन हवे होते, हा सर्रास आढळणारा समज व्याख्याते धीराने दूर करतात. माणसे बळाने आणि बुद्धीने साधारण समान असल्यामुळे, सर्वांवर वचक ठेवणारी सत्ता नसेल तर स्पर्धा, परस्पर अविश्वास आणि प्रतिष्ठेची हाव यांतून सज्जनालाही आधी वार करणे शहाणपणाचे वाटू लागते, हा हॉब्जचा १६५१ मधील युक्तिवाद मला प्रथमच नीट उमगला. त्याच शतकातील दुसरा इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक याची भूमिका थोडक्यात, पण अचूक येते : स्वतःच्याच तंट्यात प्रत्येक जण न्यायाधीश बनतो, म्हणून निःपक्ष निवाडा करणारी व्यवस्था लागते.

अठराव्या शतकातील तत्त्वज्ञ रूसो याच्यावर मात्र अन्याय झाला आहे. विषमतेवरील १७५५ चा निबंध आणि १७६२ मधील सामाजिक कराराची, म्हणजे लोकांच्या परस्पर संमतीतून शासन उभे राहते या कल्पनेची, मांडणी एकाच तासात उरकल्यामुळे, माणसाला समाजानेच बिघडवले असेल तर त्याच समाजातून न्याय्य शासन कसे उभे राहील, हा कळीचा प्रश्न विचारलाच जात नाही. तेथे आणखी दोन व्याख्याने अवश्य हवी होती.