निफ्टीचा आलेख काढायचा आहे: आर की पायथन?

शेअर बाजारातील भावांचे आलेख काढण्यासाठी मोफत संगणकीय साधन निवडायचे झाले, तर प्रश्न बहुधा आर आणि पायथन या दोन प्रोग्रामिंग भाषांपाशी येऊन थांबतो. आलेख एकदाच काढायचा असेल तर एक्सेल पुरे आहे. त्यासाठी नवी भाषा शिकण्याचा खटाटोप करू नये. तेच काम नियमित करायचे असेल, तर दोन्ही साधने क्ष-अक्षावर काळ कसा मांडतात हे आधी पाहावे, कारण खरा फरक तिथेच आहे; रंगरूप दोन्हींत मनासारखे करता येते.

आरमधील मूळचा ‘टीएस’ हा प्रकार समान अंतराने येणाऱ्या नोंदी गृहीत धरतो. महागाईच्या मासिक निर्देशांकासाठी तो उत्तम आहे, पण शनिवार-रविवारी बंद राहणाऱ्या आणि होळी-दिवाळीच्या सुट्ट्या दरवर्षी वेगळ्या तारखांना घेणाऱ्या बाजाराला तो लागू पडत नाही. म्हणून आरमध्ये झू आणि एक्सटीएस ही पॅकेजेस (भाषेला जोडायचे तयार प्रोग्रामसंच) वापरतात, जी प्रत्येक नोंद तिच्या तारखेशी बांधून ठेवतात, आणि त्यांच्याच आधारावर शेअरचे भाव मिळवून आलेख काढणारे क्वांटमॉड उभे आहे. पायथनमध्ये हे काम पांडाज हे पॅकेज करते. वेस मॅकिनी यांनी २००८ मध्ये एक्यूआर या गुंतवणूक संस्थेत असताना ते लिहायला घेतले, त्यामुळे तारखांची हाताळणी त्यात मुळापासूनच आहे.

सुट्ट्यांच्या रिकाम्या जागांचे काय, याचे उत्तर मात्र भाषेपेक्षा पॅकेजवर अवलंबून असते. क्वांटमॉडचे ‘चार्टसिरीज’ आणि पायथनचे एमपीएलफायनान्स ही दोन्ही सुट्ट्या गाळून कँडल (दिवसाचे चढउतार दाखवणाऱ्या उभ्या पट्ट्या) एकमेकींशेजारी मांडतात. एक्सटीएसचा साधा आलेख आणि पायथनचे नेहमीचे आलेख-पॅकेज मॅटप्लॉटलिब मात्र, वेगळे सांगितले नाही तर, कॅलेंडरप्रमाणे जागा सोडतात. प्लॉटली या आणखी एका आलेख-पॅकेजमध्ये शनिवार-रविवार लपवण्याची सोय आहे आणि ती सोयीची वाटते, पण भारतीय बाजारासाठी ती फसवी आहे: १२ नोव्हेंबर २०२३ चे मुहूर्ताचे सौदे रविवारी झाले आणि १ फेब्रुवारी २०२५ रोजी शनिवार असूनही अर्थसंकल्पासाठी बाजार उघडा होता. हे दोन्ही दिवस अशा आलेखातून निमूटपणे गायब होतात. वारावरून नव्हे, तर प्रत्यक्ष नोंद नसलेल्या तारखांवरून जागा गाळाव्यात.

दुसरी अडचण भावांच्या समायोजनाची, म्हणजे शेअरचे विभाजन किंवा लाभांश लक्षात घेऊन जुने भाव सुधारण्याची. नेस्ले इंडियाच्या १० रुपये दर्शनी मूल्याच्या शेअरचे जानेवारी २०२४ मध्ये एक रुपयाच्या दहा शेअरमध्ये विभाजन झाले. एनएसईच्या भावकॉपीतले (रोजच्या भावांच्या फाइलीतले) भाव जसेच्या तसे वापरले तर त्या दिवशी शेअर नव्वद टक्के कोसळल्याचे चित्र उमटते. याहू फायनान्सवरील भाव विभाजनासाठी आधीच सुधारलेले असतात, लाभांशाचे समायोजन मात्र वेगळ्या रकान्यात असते. क्वांटमॉड हा रकाना वेगळाच ठेवते आणि समायोजन करायचे की नाही हे तुमच्यावर सोपवते. याहूचे भाव उतरवून घेणाऱ्या पायथनच्या वायफायनान्सने अलीकडच्या आवृत्त्यांत समायोजित भाव देणे हेच मूळ वर्तन केले आहे, त्यामुळे जुना प्रोग्राम आज चालवल्यास बंद भावाचे आकडे वेगळे येऊ शकतात. या बाबतीत मला आरची पद्धत अधिक विश्वासार्ह वाटते.

दीर्घ काळासाठी लॉग मापनश्रेणी (जिच्यावर समान टक्केवाढ समान उंचीची दिसते) लागते आणि ती दोन्हीकडे एका सूचनेत मिळते. १९७८-७९ ला १०० धरलेला सेन्सेक्स जुलै १९९० मध्ये हजारावर आणि जुलै २०२४ मध्ये ऐंशी हजारांवर गेला. साध्या श्रेणीवर १९९२ ची तेजी आणि नंतरची पडझड तळाशी जवळपास सपाट रेषा होऊन बसते.

भावांच्या पलीकडे जाऊन स्वसहसंबंध (मालिकेचा स्वतःच्याच आधीच्या नोंदींशी असलेला संबंध), हंगामी घटक किंवा अवशेष (हे घटक काढल्यावर उरणारा भाग) तपासायचे असतील, तर आरचे पारडे स्पष्टपणे जड आहे, कारण हे आलेख मूळ आरमध्येच आहेत. पायथनमध्ये त्यासाठी स्टॅट्समॉडेल्स वेगळे बसवावे लागते. एक बारकावा लक्षात ठेवावा: मासिक ‘टीएस’ मालिकेच्या स्वसहसंबंध आलेखात आर विलंब (दोन नोंदींमधले अंतर) वर्षांत मोजतो, म्हणजे अक्षावरील १.० हा आकडा बारा महिन्यांचा असतो. उलट मिनिटागणिक नोंदी गोळा करणे, त्या स्वच्छ करणे आणि आलेख रोज आपोआप संकेतस्थळावर चढवणे असा व्याप असेल, तर पायथन घ्यावे. संख्याशास्त्र किंवा अर्थशास्त्राच्या प्रबंधासाठी, तसेच दैनंदिन भावांच्या अभ्यासासाठी, मी आर सुचवेन.

आलेखावरची अक्षरे मराठीत हवी असतील तर आणखी एक गोष्ट तपासावी लागते. मॅटप्लॉटलिबच्या सर्रास वापरात असलेल्या आवृत्त्या देवनागरी टंक दिला तरी जोडाक्षरे नीट जुळवत नाहीत आणि ‘निफ्टी’तली ऱ्हस्व वेलांटी ‘न’च्या आधी न येता नंतर जाऊन बसते, त्यावर एमपीएलकैरो हा जोडपर्याय बसवता येतो. आरमध्ये जीजीप्लॉट या आलेख-पॅकेजने काढलेला आलेख रॅग या पॅकेजमधून साठवला, तर तीच अक्षरे व्यवस्थित उमटतात.