परवानगी म्हणून हाती दिलेला कागद

घराच्या गच्चीवर हॉट टब बसवून देणाऱ्या कंत्राटदाराने 'परवानगीचे सगळे आम्ही बघतो' असे सांगून त्या कामाचे वेगळे पैसे घेतले आणि काही दिवसांनी शिक्का मारलेला एक कागद माझ्या हाती दिला. शिक्का पाहून माझे समाधान झाले आणि कागद न वाचताच मी तो फाइलला लावला. पुढे टबमधून बाहेर येताना शेजारच्या लोखंडी कठड्याला हात लागताच पत्नीच्या बोटांना झिणझिण्या आल्या, तेव्हा आम्ही दुसऱ्या इलेक्ट्रिशियनला बोलावले.

त्याने पंपाचे झाकण उघडले तेव्हा अर्थिंगची तार आतपर्यंत आणून मोकळीच सोडलेली दिसली. तीस मिलीअँपिअरची गळती होताच क्षणार्धात वीज तोडणारा आरसीसीबी बिलात लिहिलेला होता, पण बोर्डात नव्हता. कोरड्या अंगापेक्षा ओल्या अंगातून वीज कितीतरी सहज वाहते, त्यामुळे त्या दिवशी झिणझिण्यांवर निभावले हे आमचे नशीबच म्हणायचे.

त्याहून मला हादरवून गेली ती तळाची जाळी. पंप पाणी ओढतो ते तोंड एकच होते आणि त्यावरची जाळी हाताने निघत होती. अशी तोंडे एकमेकांपासून अंतरावर किमान दोन असावी लागतात, म्हणजे एक अंगाने किंवा केसांनी झाकले गेले तरी पंप दुसरीकडून पाणी ओढतो. एकच असेल तर ओढ इतकी जबर असते की मोठ्या माणसालाही अडकलेले मूल सोडवता येत नाही. अमेरिकेत २००२ साली सात वर्षांची एक मुलगी हॉट टबमध्ये अशीच अडकून दगावली आणि २००७ साली तिच्याच नावाने या जाळ्यांविषयीचा कायदा तिथे झाला. माझी लांब केसांची मुलगी त्याच वयाची आहे आणि तिला पाण्यात डोके बुडवून खेळायला आवडते.

गच्चीच्या ताकदीचा हिशेबही कोणी केलेला नव्हता. १,४०० लिटर पाणी म्हणजे १,४०० किलो, शिवाय टब आणि आत बसणारी माणसे धरली की भार दोन टनांजवळ जातो.

कागद घेऊन परवानगी देणाऱ्या कार्यालयात गेलो, तेव्हा ती केवळ अर्जाची पोचपावती असल्याचे कळले. अर्ज अपुऱ्या कागदपत्रांमुळे मंजुरीविनाच बंद झाला होता, म्हणून तपासणीला कोणी आलेच नव्हते आणि कंत्राटदाराला नेमके तेच हवे असावे, असे मला वाटते.

आपल्या हातातील कागदावर 'मंजूर' हा शब्द, आपला पत्ता आणि कामाचे वर्णन आहे का, हे स्वतः वाचावे आणि त्यावरचा क्रमांक घेऊन कार्यालयात स्वतः चौकशी करावी. वायरिंग व पाइप झाकण्यापूर्वी तपासणी व्हावी आणि तिचा अहवाल हाती येईपर्यंत शेवटचा हप्ता देऊ नये. मी तो पहिल्याच दिवशी देऊन टाकला होता. आमचा टब आता रिकामा असून त्याच्या झाकणाला कुलूप आहे. स्ट्रक्चरल इंजिनिअरचा अहवाल आल्यावरच नवा अर्ज करणार आहे आणि तो मी स्वतः भरणार आहे.