छायाचित्र अभिप्राय सेवा : सहा महिन्यांच्या सभासदत्वानंतर

हौशी छायाचित्रकाराला कौतुकाची वाण पडत नाही आणि अधूनमधून टीकाही वाट्याला येते; पण आपले छायाचित्र कोणी दोन मिनिटे शांतपणे पाहिले आणि आपल्याला त्यात काय दिसले ते सरळ सांगितले, असे फार क्वचित घडते. याच गरजेपोटी मी सहा महिन्यांपूर्वी एका छायाचित्र अभिप्राय सेवेची सभासद झाले. महिन्याला चार छायाचित्रे पाठवायची, प्रत्येकावर एका अनुभवी मार्गदर्शकाचा आणि दोन सहसभासदांचा लेखी अभिप्राय घ्यायचा आणि आपल्या प्रत्येक छायाचित्रामागे इतरांच्या दोन छायाचित्रांवर स्वतः अभिप्राय लिहायचा, अशी तिची रचना आहे. या काळात माझी २४ छायाचित्रे तपासली गेली आणि ४८ अभिप्राय मी लिहिले. पुढील मत या दोन्ही अनुभवांवर आधारलेले आहे.

छायाचित्रासोबत तीन ओळींचे टिपण देणे येथे बंधनकारक आहे. बटण दाबावेसे का वाटले, कोणती शंका आहे आणि कोणती गोष्ट बदलायची नाही, एवढेच त्यात लिहायचे असते. पहिल्या महिन्यात मला हा निव्वळ सोपस्कार वाटला होता. प्रत्यक्षात, पाठवण्याच्या चार छायाचित्रांपैकी एखादे या टिपणापाशीच गळून पडू लागले, कारण ते का काढले याचे उत्तर मलाच देता येत नव्हते.

अभिप्रायाचा क्रमही ठरलेला आहे. आधी नजर कोठे गेली आणि तेथून कोठे वळली ते सांगायचे, मग काय साधले आहे आणि कशामुळे ते लिहायचे, त्यानंतर छायाचित्रकाराच्या शंकेचे उत्तर द्यायचे आणि सर्वांत शेवटी एकच अडथळा दाखवून त्यावर उपाय सुचवायचा. अमेरिकी नृत्यदिग्दर्शिका लिझ लर्मन यांनी १९९० मध्ये कलाकृतीवर प्रतिसाद देण्याची जी चार टप्प्यांची पद्धत मांडली, तिच्याशी या क्रमाचे जवळचे नाते आहे. तिच्यातही पाहणाऱ्याला काय भावले हे आधी येते, मग कलाकाराचे स्वतःचे प्रश्न येतात आणि मते अगदी शेवटी, तीही कलाकाराच्या परवानगीने मांडली जातात.

या क्रमाचे मोल मला एका छायाचित्राने पटले. माझे आजोबा खिडकीशी बसून जुन्या मनगटी घड्याळाला किल्ली देत आहेत, असे ते छायाचित्र होते आणि ते माझे आजवरचे सर्वोत्तम काम आहे अशी माझी खात्री होती. मार्गदर्शकांचे पहिलेच वाक्य असे होते की, त्यांची नजर आधी भिंतीवरच्या पांढऱ्या स्विचबोर्डावर गेली, तेथून खिडकीच्या उजेडाकडे गेली आणि हातांपर्यंत पोहोचायला तिला वेळ लागला. तो स्विचबोर्ड मी तोपर्यंत पाहिलाच नव्हता. त्या दुपारची शांतता, किल्लीची बारीक करकर आणि आजोबांचा एकाग्र चेहरा हे सारे माझ्या आठवणीत होते, आणि छायाचित्र पाहताना मी ती आठवणच पाहत होते. अभिप्राय देणारा त्या खोलीत नव्हता, म्हणून चौकटीत प्रत्यक्ष जेवढे उतरले तेवढेच त्याला दिसते. आपल्या जवळच्या माणसांकडून, ती कितीही जाणकार असली तरी, हे काम सहसा होत नाही.

तांत्रिक निदानही तितकेच नेमके होते. हात थोडे अस्पष्ट आले होते आणि आजोबांचे हात थरथरतात म्हणून तसे झाले असावे, असे मी टिपणात लिहिले होते. घड्याळाचा पट्टा, खिडकीची चौकट आणि मागची भिंत हे सारे एकाच दिशेने सारखेच पुसट आहे, तेव्हा हलला तो कॅमेरा, असे मार्गदर्शकांनी दाखवून दिले. ८५ मिमी लेन्स, १/३० सेकंद शटर आणि २०० आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता) ही माहिती फाइलमध्येच होती. हातात कॅमेरा धरून टिपताना, स्थिरीकरणाची सोय नसेल, तर शटरचा वेळ लेन्सच्या नाभीय अंतराच्या व्यस्तापेक्षा, म्हणजे ८५ मिमी लेन्सला १/८५ सेकंदापेक्षा, जास्त असू नये, हा फुल फ्रेम (३५ मिमी फिल्मएवढा सेन्सर असलेल्या) कॅमेऱ्यांसाठीचा जुना ठोकताळा आहे; आयएसओ ८०० केला असता तर दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुपटीचा फरक) हाती आले असते आणि तेवढ्याच प्रकाशात १/१२५ सेकंद शटर मिळाले असते. स्विचबोर्डावरचा उपाय तर त्याहून साधा निघाला : दोन पावले डावीकडे सरकणे. पुढच्या वेळी कॅमेऱ्याने काय करावे आणि आज संगणकावर काय करता येईल, हे दोन उपाय ते नेहमी वेगवेगळे लिहितात, ही मला या सेवेची सर्वांत उपयोगी सवय वाटते.

चौकटीच्या कडांकडे दुर्लक्ष करू नये, हे सांगताना त्यांनी अमेरिकी छायाचित्रकार डोरोथिया लँग यांच्या १९३६ मधील ‘मायग्रंट मदर’ या छायाचित्राचा दाखला दिला. त्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात तंबूचा खांब धरलेला अंगठा आला होता आणि तो लक्ष वेधतो म्हणून लँग यांनी नंतर नेगेटिव्हवर पुसट करून घेतला. मात्र त्या ज्या सरकारी प्रकल्पासाठी काम करत होत्या, त्याचे प्रमुख रॉय स्ट्रायकर यांना हा फेरफार रुचला नव्हता. अडथळा दाखवणे हे अभिप्राय देणाऱ्याचे काम असले, तरी तो काढायचा की ठेवायचा हा निर्णय छायाचित्रकाराचाच असतो, हे यापेक्षा चांगल्या उदाहरणाने समजावता आले नसते.

अभिप्राय लिहिण्याच्या सक्तीबद्दल मी साशंक होते, पण माझी नजर अधिक तयार झाली ती त्या ४८ अभिप्रायांमुळे. माझा पहिला अभिप्राय ‘छान टिपले आहे, रंग सुंदर’ असा होता आणि तो मार्गदर्शकांनी परत पाठवला. कोणते रंग, ते कशाशेजारी आले म्हणून सुंदर दिसतात आणि ते नसते तर छायाचित्राचे काय झाले असते, अशी विचारणा त्यासोबत होती. दुसऱ्या एका वेळी मी क्षितिज तिरके आहे ते सरळ करावे असे ठामपणे लिहून मोकळी झाले, आणि तो तिरकेपणाच बदलायचा नाही असे त्या सभासदाने टिपणात स्पष्ट म्हटले होते. मी टिपण वाचलेच नव्हते. त्याची मला आजही खंत वाटते, कारण त्या व्यक्तीने पुढच्या महिन्यात अगदी सावध, कोणालाही न खटकणारी छायाचित्रे पाठवली. सर्वांत अवघड गेले ते एका सभासदाने आजारी वडिलांचे टिपलेले छायाचित्र. प्रसंग हृदयाला भिडणारा होता, छायाचित्र मात्र चेहऱ्यावरचा प्रकाश करपल्यामुळे, म्हणजे अतिउजेडाने तपशील पांढरा पडल्यामुळे, भिडत नव्हते, आणि भिडेखातर गप्प राहणे हा त्या व्यक्तीच्या श्रमांचा अनादर ठरला असता. मी आधी उशीवर टेकलेल्या हाताबद्दल लिहिले, मग रॉ फाइल (कॅमेऱ्याने टिपलेली मूळ, प्रक्रिया न केलेली नोंद) असेल तर करपलेल्या भागातला काही तपशील परत आणता येईल असे सुचवले आणि तेवढ्यावर थांबले.

उणिवाही आहेत आणि त्या दुर्लक्षिण्याजोग्या नाहीत. छायाचित्रे लांब बाजूला १२०० पिक्सेलपर्यंत लहान करून पाठवावी लागतात. एवढ्या आकारावर सूक्ष्म फोकसची पारख करता येत नाही, तरीही दोनदा मला त्यावर ठाम शेरे मिळाले. माझी तीन छायाचित्रे ‘फार काळोखी’ ठरली, आणि चूक माझ्या पडद्याची होती, कारण मी तो पूर्ण उजेडावर ठेवून काम करत होते. हिस्टोग्राम (छायाचित्रातील उजेड-काळोखाचा आलेख) सोबत जोडण्याची अट असती तर हे पहिल्याच आठवड्यात लक्षात आले असते. एक मार्गदर्शक तृतीयांशाचा नियम (चौकटीचे आडवे-उभे तीन भाग करून विषय त्यांच्या रेषांवर ठेवावा, हा) सरसकट लावतात आणि विषय मध्यभागी दिसला की तो हलवायला सांगतात, मग चौकट कितीही सममित असो. वैयक्तिक आवड नियमाच्या भाषेत आली की नवख्या माणसाला ती ओळखता येत नाही, म्हणून याकडे संचालकांनी लक्ष द्यायला हवे. उत्तराला दहा दिवस लागतात, ते मला चालले.

माझा खरा आक्षेप पाच ताऱ्यांच्या गुणांकनावर आहे. अभिप्रायाच्या डोक्यावरच तारे छापलेले असतात, त्यामुळे तीन तारे दिसताच मन खट्टू होते आणि खालचा काळजीपूर्वक लिहिलेला मजकूर बचावाच्या पवित्र्यात वाचला जातो. चार दिसले तर तो वाचावासाच वाटत नाही. मी गेले दोन महिने कागदाने वरचा भाग झाकून वाचते आणि मगच तारे पाहते.

कॅमेरा नुकताच हाती घेतलेल्यांनी आधी एक्सपोजर आणि फोकस यांची तोंडओळख करून घ्यावी, अन्यथा अभिप्रायातील अर्धे शब्द वाया जातील. वर्ष-दोन वर्षे छायाचित्रे काढून एका जागी अडकल्यासारखे ज्यांना वाटते, त्यांना मी ही सेवा निःसंकोच सुचवीन. मी पुढच्या सहा महिन्यांसाठी नाव नोंदवले आहे, आणि तारे दाखवावेत की नाही हे प्रत्येक सभासदाला ठरवू द्यावे, अशी विनंती अर्जासोबत लेखी दिली आहे.