गणितासाठी क्लास, व्हिडिओ की घरचा सराव?

नववी-दहावीच्या मुलाला क्लास लावायचा, मोबाईलवरच्या व्हिडिओंवर भागवायचं, की पुस्तक घेऊन घरीच बसवायचं? साताऱ्यात ज्यांच्या घरी हा विषय चाललाय त्यांना माझं सांगणं एवढंच, की फी आणि निकालाचे फ्लेक्स बघण्याआधी मुलाला गणितापाशी अडून बसायला कुठं वेळ मिळतो ते बघा.

एक उदाहरण घ्या. दोन अंकी संख्येतल्या अंकांची बेरीज 9 आहे. अंकांची अदलाबदल केली तर संख्या 27 ने वाढते. ती संख्या कोणती?

क्लासमध्ये सर दशकाचा अंक x आणि एककाचा y धरून लगेच फळ्यावर 10x + y मांडतात, दोन समीकरणं सोडवतात आणि उत्तर येतं 36. मुलं उतरवून घेतात. घरी एकटी बसलेली मुलगी आधी चाचपडते. 18 चे 81, फरक 63. 27 चे 72, फरक 45. 36 चे 63, फरक 27. उत्तर सापडलं, पण तिला आणखी एक गोष्ट दिसली: प्रत्येक फरकाला 9 ने भाग जातो. असं का, हे शोधायला ती स्वतःच 10x + y पर्यंत येते आणि फरक 9(y − x) असतो हे तिला कळतं. गणितात फरक 20 दिला असता, तर अशी संख्याच नाही हे ती न सोडवता सांगेल. यात अर्धा तास जातो, आणि तो जाऊ द्यावा असं मला मनापासून वाटतं.

म्हणून क्लास वाईट असं नाही. सैनिक स्कूलच्या सहावीच्या प्रवेशपरीक्षेत 300 पैकी 150 गुण गणिताचे असतात आणि प्रश्न बहुपर्यायी. तिथं वेग लागतो, तो घड्याळ लावून घेतलेल्या सरावानं येतो, आणि हे चांगला क्लास नेटानं करून घेतो. अपूर्णांक, चिन्हं, भागाकार इथंच ज्याचं अडतं, त्यालाही समोर माणूस हवा. मात्र कोरेगाव-रहिमतपूरकडून एसटीनं येणाऱ्या मुलाचा जाण्यायेण्याचा वेळ हिशेबात धरा. तो त्याच्या सरावातूनच वजा होतो.

व्हिडिओ एखादी संकल्पना पुन्हा ऐकायला उत्तम. फुकटही असतात. पण बघताना सगळं सोपं वाटतं आणि वही कुणीच तपासत नाही. बोर्डाच्या पेपरात पायऱ्यांना गुण आहेत, त्यामुळे हे महागात पडतं.

घरच्या सरावाला खर्च जवळजवळ नाही. बालभारतीच्या पुस्तकातले सरावसंच आणि संकीर्ण प्रश्नसंग्रह मन लावून सोडवले तरी दहावीचा पाया भक्कम होतो. फक्त आठवड्यातून एकदा तरी शंका विचारायला कुणीतरी हवं: शाळेतले सर, शेजारची इंजिनिअरिंगची ताई, कुणीही. मुलाला वाचता-मांडता येत असेल, तर मी आधी हाच मार्ग सुचवेन. सहामाहीनंतरही तो त्याच त्याच जागी अडत असेल, तर क्लास लावा.

तेव्हा क्लास पोवई नाक्यावर असो की राजवाड्यापाशी, आधी तिथल्या एखाद्या मुलाची वही मागून बघा. पानंच्या पानं फळ्यावरून उतरवलेली, एकही खाडाखोड नाही, तर पुढचा क्लास बघा. चुकलेल्या पायरीवर लाल खूण आणि खाली मुलानं पुन्हा सोडवलेलं गणित दिसलं, तर तिथं नाव घाला.