‘१६५ वॅट’च्या दिव्याने झालेली माझी फसवणूक

कोल्हापुरात मरीन टँक, म्हणजे समुद्री जिवांसाठी खाऱ्या पाण्याची टाकी ठेवणारी घरे मोजकीच आहेत आणि त्यांना लागणारे सामान देणारी दुकाने त्याहूनही कमी, त्यामुळे आपल्याला बऱ्याचदा विक्रेत्याच्या शब्दावर विसंबून राहावे लागते. शहरातील एका विक्रेत्याने नेमका याच विसंबण्याचा फायदा घेऊन मला २६,००० रुपयांना फसवले. त्याने मला जो सल्ला दिला तो एरवी अगदी बरोबर आहे, कोणताही जाणकार तोच सल्ला देईल, आणि म्हणूनच ही फसवणूक माझ्या तीन महिने लक्षात आली नाही.

मंगळवार पेठेतील आमच्या जुन्या घराच्या सोप्यात तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट खोल अशी टाकी सहा वर्षांपासून आहे. तीत झोआ, मशरूम आणि एक मोठे लेदर या जातींचे मऊ कोरल, म्हणजे कडक सांगाडा नसलेले प्रवाळच तेवढे आहेत. या टाकीवर ३९ वॅटच्या चार टी-फाइव्ह नळ्या (बारीक ट्यूबलाइट) होत्या. या नळ्यांचा प्रकाश डोळ्यांना जसाच्या तसा वाटला तरी नऊ ते बारा महिन्यांत त्याचा रंगपट बदलतो, म्हणून त्या दरवर्षी बदलाव्या लागतात. इथे त्या मिळत नाहीत, पुण्याहून मागवाव्या लागतात आणि वाटेत एखादी फुटतेच. याला कंटाळून एलईडी घ्यायचे आम्ही ठरवले.

विक्रेत्याने दाखवलेल्या दिव्यावर ‘१६५ वॅट, ३ वॅटचे ५५ एलईडी’ असे छापलेले होते. दुकानातल्या टाकीवर त्याने फक्त निळा प्रकाश लावून दाखवला आणि झोआ हिरव्या-केशरी रंगांनी पेटल्यासारखे झळाळले. निळ्या प्रकाशात कोरल असे चमकतातच, त्यासाठी दिवा जोरदार असावा लागत नाही. शिवाय ४५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासचा निळा प्रकाश आपल्या डोळ्यांना फार कमी जाणवतो, त्यामुळे नुसत्या नजरेने त्याची ताकद ओळखणे शक्यच नसते. हे मला तेव्हा ठाऊक असूनही त्या झळाळीपुढे मी विचारच केला नाही. “बिल कशाला ताई, जीएसटी वाचेल,” असे म्हणून त्याने एका चिठ्ठीवर ‘अ‍ॅक्वेरियम लाइट’ आणि किंमत एवढेच लिहून दिले. बदलून देण्याची तोंडी मुदत साठ दिवसांची होती. त्या दिव्याबरोबर तो मला कडक सांगाड्याच्या कोरलचा एक तुकडा भेट म्हणून देत होता, तो मात्र मी घेतला नाही. असे कोरल २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत आणि ते बाळगणे व विकणे हा गुन्हा आहे. तो तुकडा घरात आला असता तर पुढे तक्रार करायला मी धजले असते का, हा प्रश्न मला आजही अस्वस्थ करतो.

निघताना त्याने बजावले की दिवा फार कडक आहे, पहिला महिना तो ३० टक्क्यांवर ठेवा आणि नंतर दर आठवड्याला पाच टक्क्यांनी वाढवा. कोरलच्या पेशींमध्ये सूक्ष्म शैवाल राहते, ते प्रकाशावर अन्न तयार करते आणि त्यावरच कोरल बहुतांशी जगतो. प्रकाश एकाएकी वाढला तर हे शैवाल कोरलबाहेर फेकले जाते आणि कोरल पांढरा पडतो, म्हणून नव्या दिव्याची सवय हळूहळूच करावी लागते. सल्ला खराच होता. पण त्या हिशेबाने साठ दिवस संपेपर्यंत दिवा पन्नास टक्क्यांच्या वर जाणार नव्हता, म्हणजे बदलून घेण्याच्या मुदतीत तो पूर्ण ताकदीने लावून पाहण्याची वेळच माझ्यावर येणार नव्हती.

पाचव्या आठवड्यात झोआंनी माना लांब करायला सुरुवात केली. एरवी दगडाला गालिच्यासारखे चिकटून बसणारे हे जीव आता बोटाच्या पेरभर वर उठून दिव्याकडे ताणलेले दिसू लागले. मशरूमचा लालसर रंग जाऊन ते शेवाळलेल्या तपकिरी रंगाचे झाले आणि लेदर दिवसचे दिवस उघडेना. फोटो दाखवल्यावर विक्रेता म्हणाला की प्रकाश जास्त होतोय, आणखी कमी करा. वर त्याने दोन हजारांच्या औषधाच्या बाटल्याही दिल्या. वास्तविक लक्षणे नेमकी उलट होती. प्रकाश जास्त झाला तर कोरल फिका पडतो आणि आक्रसतो, तर प्रकाश अपुरा पडला की तो ताणतो आणि आतले शैवाल वाढून तपकिरी होतो. त्याच महिन्यात विजेचे बिल बरेच कमी आले, तेव्हा एलईडीमुळे बचत झाली म्हणून आम्हाला समाधानच वाटले होते.

संशय आला तो अर्धेअधिक झोआ गेल्यावर. एका रविवारी दुपारी मी फ्रीज, पंखे, टाकीचे पंप असे घरातले सगळे बंद केले, फक्त हा दिवा शंभर टक्क्यांवर लावला आणि घड्याळ घेऊन मीटरसमोर उभी राहिले. आमच्या मीटरवर एका युनिटला ३,२०० इम्पल्स असे छापलेले आहे, म्हणजे तेवढ्या वेळा तांबडा ठिपका लुकलुकला की एक युनिट वीज खर्च होते. १६५ वॅटच्या दिव्याने दहा मिनिटांत तो ८८ वेळा लुकलुकायला हवा होता. तीन वॅटचे एलईडी सहसा पूर्ण ताकदीने चालवत नाहीत, तेव्हा प्रामाणिक दिव्यातही हा आकडा साठ-सत्तर येतो, हे मी धरून चालले होते. प्रत्यक्षात तो ३३ वेळा लुकलुकला. याचा हिशेब होतो ६२ वॅट. म्हणजे ३० टक्क्यांवर माझ्या टाकीला जेमतेम वीस वॅटचा प्रकाश मिळत होता, तोही दीडशे वॅटच्या नळ्यांची सवय झालेल्या कोरलना. कडक दिव्यासाठी असलेला नियम मी मिणमिणत्या दिव्याला लावून त्यांना उपाशी ठेवले होते.

उद्यमनगरातील एका ओळखीच्या कारागिराकडे तो दिवा नेऊन, सगळ्याचे चित्रीकरण करत झाकणाचे स्क्रू काढले. एलईडींना वीज पुरवणाऱ्या आतल्या ड्रायव्हरवर ३०० मिलीअँपिअर असे छापलेले होते. एवढ्या प्रवाहावर तीन वॅटचा म्हणवणारा एलईडी जेमतेम एक वॅटने जळतो. ड्रायव्हरवर बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) खूण नव्हती आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांकही नव्हता. कारागीर म्हणाला, “वैनी, ह्यात निम्माबी माल न्हाई, पन आदी हे बघा.” त्याने बोट ठेवले तिथे थ्री-पिन वायरीतली अर्थिंगची हिरवी तार आतल्या आत कापून सोडलेली होती. खाऱ्या पाण्याच्या वर टांगलेल्या धातूच्या पेटीला अर्थिंगच नव्हते, आणि माझा मुलगा रोज संध्याकाळी त्याच पेटीखाली हात घालून काच पुसत असे. ते पाहून माझे हातपाय गार पडले. पैशांचे दुःख त्यापुढे काहीच नव्हते. दुसऱ्याच दिवशी आम्ही टाकीच्या लाइनवर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच बसवून घेतला.

विक्रेत्याने आधी मुदत संपल्याचे सांगितले आणि नंतर हा दिवा आपला नव्हेच असा पवित्रा घेतला. चिठ्ठीवर वॅटही नाहीत आणि दुकानाचे नावही नाही. सुदैवाने पैसे यूपीआयने दिले होते आणि ‘१६५ वॅट ओरिजिनल’ हा त्याचा संदेश फोनमध्ये आहे. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवूनही त्याने उत्तर दिले नाही, म्हणून आता जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज केला आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे शुल्क लागत नाही आणि दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. कारागीर तीनशे रुपयांत अर्थिंग जोडून द्यायला तयार होता, पण पुरावा आहे तसा राहावा म्हणून दिवा पुन्हा खोक्यात घालून कपाटावर ठेवला आहे, आणि टाकीवर पुण्याहून मागवलेल्या चार नळ्या पुन्हा लागल्या आहेत.