लिनक्सवर बाहेरचं सॉफ्टवेअर टाकायचंय: पीपीए, डेब, फ्लॅटपॅक का अ‍ॅपइमेज?

अक्कलकोट रोड एमआयडीसीत ओळखीच्यांचा चादरीचा कारखाना आहे, तिथल्या डिझाइनच्या जुन्या पीसीवर मी मिंट २२ (लिनक्सचाच एक प्रकार) टाकून दिलंय. परवा तिथल्या पोराचा फोन, "अण्णा, ॲप्टमध्ये गिम्प २.१०च दिसायलंय, मला ३ पाहिजे, कुठनं घेऊ?"

ॲप्ट म्हणजे मिंटच्या स्वतःच्या भांडारातनं सॉफ्टवेअर टाकायचं साधन, आणि गिम्प म्हणजे फोटो-डिझाइनचं सॉफ्टवेअर. मी म्हटलं आधी २.१०नं काम अडतंय का ते बघ की. नवीन म्हणजे चांगलंच असं काय नसतंय, २०२४ च्या मार्चमध्ये एक्सझेड युटिल्स या फाइली दाबायच्या टूलच्या ५.६.० आणि ५.६.१ मध्ये बॅकडोअर, म्हणजे चोरदरवाजा सापडला तेव्हा जुन्या व्हर्जनवाली स्टेबल डेबियन (हा पण एक लिनक्स) वाचली, आणि तिची नवी टेस्टिंग आवृत्ती वापरणारे पळापळ करत होते.

पण पोराला ३च पाहिजे. मग पीपीए, म्हणजे कुणीतरी स्वतः चालवलेलं बाहेरचं पॅकेज भांडार, घ्यायचा का? अपडेट आपोआप येतात हे खरं, पण पीपीए म्हणजे कुणा एकाला आपल्या मशीनची किल्ली देणं, कारण तो उद्या त्यातनं कुठलंही पॅकेज ढकलू शकतोय, तुमच्या सिस्टीमचं सुद्धा, आणि ते रूट म्हणून, म्हणजे मशीनचे सगळे अधिकार घेऊन, इन्स्टॉल होतंय. माझ्या स्वतःच्या लॅपटॉपवर एक पीपीए मालकानं सोडून दिला होता, व्हर्जन अपग्रेड करताना डिपेंडन्सीचा असा गुंता झाला की अख्खा रविवार गेला. नुसती पीपीएची ओळ यादीतनं काढून भागत नाय, पीपीए-पर्ज ही कमांड मारून पॅकेजेस मूळच्या व्हर्जनवर मागं आणावी लागतात.

डेब, म्हणजे डाउनलोड करून इन्स्टॉल करायची पॅकेज फाइल, तिचं पण तसंच, आतल्या स्क्रिप्ट रूट म्हणूनच चालतात. कंपनीच्या स्वतःच्या साइटवरची असेल तर ठीक, कुठल्यातरी डाउनलोड साइटवरची असेल तर हात लावू नका.

अ‍ॅपइमेज म्हणजे इन्स्टॉल न करता थेट चालणारी एकच फाइल. तिला पासवर्ड लागत नाय, फाइल डिलीट केली की विषय संपला, म्हणून लोकांना सेफ वाटतंय. पण ब्राउझरचे पासवर्ड, पार्टीचे हिशोब, डिझाइनच्या फाइली सगळं होम फोल्डरमध्येच असतंय ना, ते चोरायला रूट कशाला पाहिजे? सँडबॉक्स, म्हणजे प्रोग्रॅमला बाकीच्या फाइलींपासून लांब ठेवणारं कुंपण, आपोआप मिळत नाय, अपडेटही बहुतेक वेळा स्वतःच बघायचं.

फ्लॅटपॅक त्यातल्या त्यात बरं. सँडबॉक्स आहे, फ्लॅटहब या त्याच्या ऑनलाइन स्टोअरवर व्हेरिफाइडची खूण बघायची, मिंट २२ तर अनव्हेरिफाइड अ‍ॅप्स आधी दाखवतच नाय. फक्त परमिशन बघा, "होम" किंवा "होस्ट" लिहिलं असेल तर सँडबॉक्स नावालाच, फ्लॅटसील या परमिशन बदलायच्या टूलमधनं ते कमी करता येतंय. आणि जागा खातंय भरपूर, कारण प्रोग्रॅमबरोबर रनटाइम, म्हणजे तो चालायला लागणारं बाकीचं सामान पण उतरतंय.

साइटवरची कमांड कॉपी करून कर्लनं (डाउनलोडची कमांड) स्क्रिप्ट थेट सुडो बॅशमध्ये ओतायची, म्हणजे न वाचताच रूट म्हणून चालवायची सवय असेल तर स्क्रिप्ट आधी फाइलमध्ये उतरवा, उघडून वाचा, मगच चालवा.

गिम्पच्या अधिकृत साइटवर फ्लॅटपॅक आणि अ‍ॅपइमेज दोन्ही आहेत, पोराला फ्लॅटपॅक टाकायला लावलं. संध्याकाळी परत फोन, "अण्णा, रनटाइमनंच माझा हॉटस्पॉट संपवला की ओ!"