सबटायटलमध्ये 'अहो' दिसत नाही

के-ड्रामाचं, म्हणजे कोरियन सिरियलचं, व्यसन आईला मीच लावलं, पण ते ड्रामे मला नीट कळायला लागले आईमुळे. झालं असं की तिला इंग्लिश सबटायटल वाचायचा कंटाळा, अर्धी ओळ वाचून होतेय तोवर पुढची येते, मग मी शेजारी बसून मराठीत रनिंग कॉमेंटरी देते. आणि तिथेच गोची होते, कारण खाली लिहिलेलं असतं नुसतं 'यू'. आता या यूचं मी काय करू, तू करू, तुम्ही करू का अहो करू? कोरियनमध्ये आपल्यासारखेच मानाचे थर आहेत, आपल्यापेक्षा जरा जास्तच, मोठ्याशी बोलताना क्रियापदाचं शेपूटच बदलतं. वाक्याच्या शेवटी 'यो' ऐकू आलं की समजायचं, अजून अहो-जाहो चालूय. तो 'यो' गळून पडला की काहीतरी घडलंय, एकतर भांडण नाहीतर प्रेम. इंग्लिशमध्ये हे सगळं सपाट होऊन जातं आणि आपण म्हणतो अरे दहा एपिसोड झाले, यांच्यात काहीच कसं होत नाहीये, होत असतं हो, फक्त आपल्याला वाचायला मिळत नाही.

सुरुवात केली क्रॅश लँडिंग ऑन यू पासून, सगळे करतात तशीच. 2019 च्या डिसेंबरमध्ये सुरू होऊन 2020 च्या फेब्रुवारीत संपलेली, 16 एपिसोड, आम्ही लॉकडाऊनमध्ये बघितली. सोलची श्रीमंत बिझनेसवाली युन से-री पॅराग्लायडिंग करताना वादळात सापडते आणि थेट उत्तर कोरियात झाडावर लटकते, खाली कॅप्टन री जंग-ह्योक. आई म्हणाली काहीही दाखवतात, आणि मग रात्री दीड वाजेपर्यंत उठली नाही. गंमत बघा, ही बाई त्याला पूर्ण नावाने हाक मारते, री जंग-ह्योक आणि पुढे 'शी', म्हणजे आपलं राव किंवा जी धरा. एवढं प्रेम, एवढी रडारड आणि तरी ते पूर्ण नाव. मी आधी 'जंग-ह्योकराव' करून बघितलं, आई इतकी हसली की सीनची वाट लागली, मग 'अहो कॅप्टन'वर सेटल झालो.

त्यातला मेणबत्तीचा सीन माझा सगळ्यात आवडता. ही आधी त्याच्याकडे सुगंधी मेणबत्ती मागते, त्या बिचाऱ्याला असलं काही असतं हेच माहीत नाही, तो साधी मेणबत्ती घेऊन येतो. नंतर ती बाजारात हरवते, अंधार पडलेला, गर्दी, चेहऱ्यावर पार भीती, आणि लांबून एक हात वर दिसतो, हातात पेटवलेली मेणबत्ती, आणि तो विचारतो की यावेळी वासाचीच आणलीय ना. बस. मिठी नाही की स्लो मोशनमध्ये पाऊस नाही, सांगितलेलं लक्षात ठेवलं एवढंच.

पण आईला हिरोपेक्षा त्या गावातल्या बायका आवडल्या. सगळ्या मिळून किमची घालायला बसतात, कोणाच्या घरात काय चाललंय त्यावर टोमणे, ऑफिसरच्या बायकोपुढे पुढेपुढे, आई म्हणाली हे तर आमच्या चाळीतलं पापड-कुरडयांचं अंगण आहे. दुसरा अर्धा भाग, सोलमधला, मला ढिला वाटला, तो व्हिलन काही केल्या संपेना, भावाभावांची प्रॉपर्टीची भानगड तर आपल्या सिरियलमध्ये रोज असतेच. आणि जंग-ह्योकशी लग्न ठरलेली सो दान आणि तिच्या प्रेमात पडलेला गू सुंग-जुन, या दुसऱ्या जोडीच्या गोष्टीचा जो शेवट केला त्याबद्दल मी लेखिकेला अजून माफ केलेलं नाही. बाकी हिरो-हिरोइनचं काम करणाऱ्या ह्युन बिन आणि सोन ये-जिन यांनी 2022 च्या मार्चमध्ये खरंच लग्न केलं, आई म्हणते मला तिसऱ्याच एपिसोडला कळलं होतं.

त्याच लेखिकेची क्वीन ऑफ टियर्स 2024 मध्ये आली. घटस्फोटाचे कागद खिशात ठेवून फिरणारा नवरा, घरजावयासारखा राबणारा, सासरी सगळे जावई स्वयंपाकघरात श्राद्धाचा स्वयंपाक करतायत, सुरुवात धमाल आहे. मग बायकोचं ऑपरेशन आणि तिची स्मृती गेली! अरे किती वेळा? जपानी फर्स्ट लव्ह बघा, नऊच एपिसोड, होक्काइदोचा बर्फ, इतकं सुंदर शूट केलंय आणि तिथेही अपघात होऊन तिला तोच नेमका आठवत नाही. डोकं आपटलं की फक्त बॉयफ्रेंड पुसला जातो, बाकी सगळं शाबूत, हे कुठलं मेडिकल सायन्स कोण जाणे. तसंच लहानपणी भेटलो होतो हे पंधराव्या एपिसोडला कळणं, मनगट धरून ओढत नेणं, आणि मध्येच कोणीतरी कॉफीची गोळी कॅमेऱ्याकडे रॅपर करून खाणं. चालतं म्हणा, आपल्याकडे तर मंगळसूत्राच्या जाहिरातीतच सिरियल असते.

आता खरी शिफारस. व्हेन लाइफ गिव्ह्ज यू टँजरिन्स, 2025 चा मार्च, नेटफ्लिक्सने चार शुक्रवारी चार-चार एपिसोड टाकले. जेजू बेट, समुद्रात बुडी मारून शिंपले काढणाऱ्या बायका, हेन्यो म्हणतात त्यांना, त्यातल्या एकीची मुलगी ए-सुन, कवयित्री व्हायचंय, बाजारात कोबी विकायला बसते आणि पुस्तक वाचत राहते, कोबी विकतो बाजूचा ग्वान-शिक. तो बोलतच नाही फारसा, त्यामुळे माझं काम सोपं! लहानपणापासून तिच्यासाठी मासे आणतो, कारण चुलत्याच्या घरी तिच्या ताटात मासा पडत नसे.

लग्नानंतर सासरी जेवणाचा सीन आहे. पुरुषांचं टेबल वेगळं, बायकांचं वेगळं, ए-सुन त्याच्या पाठीमागे बसलेली. ग्वान-शिक जेवता जेवता फिरतो, थोरामोठ्यांकडे पाठ करतो आणि बायकोकडे तोंड करून जेवायला लागतो. आईने रिमोट घेऊन पॉज केलं. मला वाटलं पाणी हवंय. ती म्हणाली, "तुझ्या आजोबांनी आयुष्यात एकदा तरी असं वळून बघायला हवं होतं ग." मग स्वतःच प्ले केलं.

नावाची पण मजा आहे. मूळ नाव जेजूच्या बोलीत, 'पोक्साक सोगात्सुदा', म्हणजे खूप कष्ट केलेत तुम्ही, पण सोलवाल्या माणसाच्या कानाला ते 'पार फसलात' असं ऐकू येतं. इंग्लिशमध्ये ते गेलं आणि 'आयुष्याने लिंबं दिली तर सरबत करा' या इंग्लिश म्हणीतल्या लिंबाचं संत्रं झालं. आई कुडाळकडची, तिला मी हे सांगितल्यावर म्हणाली त्यात काय, आमच्यात 'दमलंस गो बाय' म्हणतात, झालं. सोळा एपिसोडमध्ये मला एवढं चपखल भाषांतर एकदाही जमलं नाही.

एक तक्रार आहे, काळ सारखा पुढे-मागे जातो आणि तरुण ए-सुन झालेली आयूच तिच्या मुलीचंही काम करते, त्यामुळे ही आत्ता आई आहे का लेक हे आईला दर दहा मिनिटांनी सांगावं लागलं. आणि जेवताना लावू नका, तेराव्या एपिसोडच्या पुढे तर अजिबात नाही, आमचा भात तसाच राहिला होता.

सध्या चायनीज हिडन लव्ह चालूय, 25 एपिसोड. हिरोइन भावाच्या मित्राच्या प्रेमात आणि त्याला हाक मारते 'गेगे', सबटायटलमध्ये 'ब्रदर'. मी पहिल्या दिवशी सवयीने 'दादा' म्हणून गेले. आईने चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. आता मी सरळ त्याचं नाव घेते.